राउटरच्या नोंदवहीतले ‘हल्ले’

घरातल्या राउटरला स्वतःची एक नोंदवही असते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा तत्सम पत्ता टाकून आत शिरले की ‘लॉग’ नावाचे पान सापडते. काही राउटरच्या या पानावर ‘डॉस अटॅक: ॲक स्कॅन’ अशी ओळ दर काही मिनिटांनी उमटत असते; पुढे कुठला तरी परका पत्ता, तारीख, वेळ. पाहणाऱ्याच्या पोटात गोळाच येतो. माझ्याकडे अशी पाने घेऊन येणाऱ्यांत निवृत्त मंडळी अधिक. त्यांतल्या एका शिक्षिकाबाईंना फोनवरच्या कोणा अनोळखी माणसाने ‘नेटवर्क साफ करून देतो’ म्हणून रक्कम सांगितली होती, आणि त्या ती भरायच्या बेतात होत्या. ही ओळ नेमके काय सांगते, याच्या मुळाशी जाणे मला तेव्हापासून गरजेचे वाटू लागले. संगणकशास्त्राचे शिक्षण मी घेतलेले नाही. वाचून आणि ताडून जे हाती लागले ते मांडतो.

आपण एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा राउटर एका तात्पुरत्या तक्त्यात टिपून ठेवतो, की अमुक फोनने अमुक सर्व्हरला विचारले आहे, उत्तर आले की ते त्यालाच द्यायचे. वाड्याच्या देवडीवरचा पहारेकरी बाहेर गेलेल्या निरोप्यांची आठवण ठेवतो, तसेच हे. पण ही आठवण अल्पजीवी असते. बराच वेळ हालचाल झाली नाही की नोंद पुसली जाते. फोन मध्येच वाय-फाय सोडून मोबाइल डेटावर गेला, तर संभाषण अर्धवटच तुटते. सर्व्हरला यातले काही कळलेले नसते. तो ‘मिळाले’ अशी पोच धाडत राहतो. हीच ती ‘ॲक’. राउटर तक्ता पाहतो, तिथे काही नसते, म्हणून ते पॅकेट टाकून देतो आणि वहीत ‘हल्ला’ असे लिहून मोकळा होतो.

खरे ॲक स्कॅनही असते. समोरची फायरवॉल काय अडवते हे चाचपण्यासाठी अशी पॅकेटे मुद्दाम पाठवली जातात. फरकाची खूण पोर्टच्या आकड्यांत असते. ४४३ हे सुरक्षित संकेतस्थळांचे पोर्ट. पाठवणाऱ्याचे पोर्ट ४४३ आणि आपल्याकडचे पन्नास हजारांच्या घरातले असेल, तर ते बहुधा उशिरा आलेले उत्तर. पत्ता कोणाच्या नावावर आहे हे ‘हूइज’ या नोंदणीत कोणालाही पाहता येते. तिथे एखाद्या मोठ्या कंपनीचे नाव निघाले म्हणून मात्र लगेच निर्धास्त होऊ नये. या कंपन्या आपली यंत्रे भाड्यानेही देतात, आणि भाडेकरू कोण ते नोंदणीत नसते. नाव आणि पोर्ट दोन्ही जुळले पाहिजे.

काही पॅकेटांची कथा याहून विलक्षण आहे. एखाद्या सर्व्हरवर हल्ला करणारे पाठवणाऱ्याच्या जागी बनावट पत्ते घालतात. तो बिचारा सर्व्हर त्या पत्त्यांना उत्तरे देत बसतो. त्यांत योगायोगाने आपला पत्ता असला, तर दुसऱ्याच्या भांडणाचा प्रतिध्वनी आपल्या वहीत उमटतो. डेव्हिड मूर, जेफ्री व्होल्कर आणि स्टीफन सॅव्हेज यांनी २००१ साली या प्रतिध्वनींवरूनच हल्ल्यांचा अंदाज बांधला. इंटरनेटच्या एकूण पत्त्यांपैकी सुमारे २५६वा भाग त्यांनी नुसता ऐकत ठेवला आणि तीन आठवड्यांच्या नोंदींत १२,०००हून अधिक हल्ले मोजले. हा निबंध मला एखाद्या रहस्यकथेइतका रोचक वाटला.

तिसरा प्रकार दारे ठोठावणाऱ्यांचा. जुन्या धर्तीचे पत्ते एकूण सुमारे ४३० कोटी. आकडा अफाट वाटतो. पण मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली केलेल्या ‘झेडमॅप’ या साधनाने, जोडणी वेगवान असेल तर, एकच यंत्र ते सगळे पाऊण तासात चाचपू शकते. तेव्हा आपल्या दारावरची थाप सहसा आपल्यासाठी नसते. २०१६ साली ‘मिराई’ हा मालवेअर असाच टेल्नेटच्या २३ आणि २३२३ या पोर्टांवर थापा मारत फिरला. त्याच्याजवळ कारखान्यातून येणाऱ्या नावा-पासवर्डांच्या साठेक जोड्या होत्या, बस्स. तेवढ्यावर लाखो कॅमेरे आणि राउटर त्याच्या ताब्यात गेले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशा उपकरणांच्या फौजेने ‘डिन’ या कंपनीवर मारा केला, आणि ट्विटर, नेटफ्लिक्स अनेकांना काही तास दिसेनासे झाले. आपल्याकडे २०१७च्या जुलैत बीएसएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम मालवेअरने बंद पाडले, तेही मूळ पासवर्ड न बदललेले.

माझ्या मते खरी अडचण इथे आहे. ज्यांची उपकरणे मिराईने घेतली, त्यांच्या राउटरने बहुधा काहीच ओरडा केला नसेल. घरगुती राउटर बाहेरून आलेले अडवतो आणि लिहितो. आतून बाहेर जाणारे मुकाट सोडतो. भीती दाखवणाऱ्या ओळी म्हणजे अडवलेल्या पॅकेटांची यादी. धोक्याची गोष्ट त्या यादीत नसते. ती शोधायची तर जोडलेल्या उपकरणांचे पान उघडावे. अनोळखी नाव आहे का, कोणी वापरत नसताना कॅमेरा सतत अपलोड करतो आहे का, हे पाहावे. इशाऱ्यात पाठवणाऱ्याचा पत्ता १९२.१६८ने सुरू होत असेल, तर मूळ बहुधा घरातच आहे. अशी एक ओळ बाहेरच्या शंभर ओळींपेक्षा मोलाची.

संशय पक्का असेल तर क्रम महत्त्वाचा. मिराई उपकरणाच्या तात्पुरत्या स्मृतीतच राहतो, त्यामुळे बंद करून चालू केले की जातो. पण पासवर्ड जुनाच असेल तर काही मिनिटांत परत येतो. म्हणून आधी इंटरनेटची तार काढावी, मग राउटर आणि कॅमेरा दोन्ही बंद-चालू करावेत, दोघांचे पासवर्ड बदलावेत, बाहेरून राउटर हाताळण्याची सोय बंद करावी, आणि त्यानंतरच तार परत जोडून नवे फर्मवेअर उतरवून घ्यावे.