वाढते घर : चार्ल्स कोरिया यांची बेलापूरची वसाहत

रेयॉनच्या कारखान्याभोवती वाढलेल्या मोहन्यातल्या श्रोत्यांस एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही : मुलाचे लग्न झाले की घरात एक खोली कमी पडते. चाळीत किंवा इमारतीत ही खोली आणावी कोठून? आपल्याच ठाणे जिल्ह्यात, बेलापूर येथे, चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात या प्रश्नाचे एक उत्तर बांधून दाखविले.

कोरिया यांनी १९५८ पासून मुंबईत व्यवसाय केला. २०१५ साली ते निवर्तले. प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांच्यासह खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची कल्पना १९६५ च्या सुमारास मांडली ती त्यांनीच. आपल्या हवेत माणूस दिवसाचा बराच वेळ उघड्यावर काढतो, म्हणून आभाळाखालची जागा हीही घरातली एक खोलीच होय, हे त्यांच्या कामाचे मूळ सूत्र.

बेलापुरास सुमारे ६ हेक्टरांत ५५० घरे बसविली. ७ घरांमध्ये ८ मीटर लांबरुंद असे एक अंगण. असे तीन गट मिळून २१ घरे, व त्यांस पुन्हा एक मोठे अंगण. वस्ती हेक्टरी सुमारे ५०० माणसांची. म्हणजे दाटी काही कमी नव्हे, आणि तरीही उंच इमारत एकही नाही.

खरी मेख पुढेच आहे. कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक ठेवली नाही. भिंत एकच केली असती तर विटा वाचल्या असत्या, हे कोणीही गवंडी सांगेल. पण मग शेजाऱ्याला विचारल्यावाचून कोणालाच खोली वाढविता आली नसती. काटकसर केली ती संडासांत : ते जोडीजोडीने घेतले, म्हणजे नळ-गटाराचा खर्च वाचतो. भूखंड ४५ ते ७० चौरस मीटरांचे; मिळकतीत मात्र कुटुंबाकुटुंबांत याहून कितीतरी अधिक अंतर धरलेले होते. साहेबाला बंगला आणि शिपायाला कोपरा, हा भेद जमिनीच्या वाटपात येऊ दिला नाही.

पुढे अनेकांनी ती घरे पाडून काँक्रीटची मोठी घरे बांधली. यावरून योजना फसली असे म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही; बदलता यावीत म्हणूनच तर ती सुटी ठेवली होती. आक्षेप घ्यायचा तर दुसरा घ्यावा. घर उंचावले की शेजारच्या अंगणातले ऊन जाते, आणि ते कोणी किती अडवावे, हे नुसत्या सुट्या भिंतींनी ठरत नाही. त्यासाठी त्या ७ घरांना अंगणात बसून बोलावेच लागते.