लंबगोल चेंडूची गोष्ट : चिखलातला मोसम

गेल्या भागात स्क्रम, म्हणजे चेंडूसाठी दोन्ही संघांच्या फॉरवर्ड्सची खांदे भिडवून होणारी रेटारेटी, समजून घेतला. या भागात गेल्या मोसमाचा आढावा आणि येत्या क्लब सामन्यांची ओळख यायची होती. ती आठवडाभर पुढे जाते आहे. ठाकूरद्वारच्या एका वाचकाचा प्रश्न त्याआधी सुटायला हवा. आझाद मैदानातल्या पायवाटेने जाताना त्यांना बाँबे जिमखान्याकडे भर पावसात रग्बी चाललेली दिसली. ‘चार थेंब पडले की क्रिकेट थांबतं, मग ही मंडळी नेमका पाऊसच का निवडतात?’

उत्तर जमिनीत आहे. चेंडू घेऊन धावणाऱ्याला मिठी घालून खाली आणायचं, हा रग्बीचा गाभा. त्यात पकडणाराही पडतो, आणि पायाला क्रिकेटसारखी पॅड्स नसतात. मुंबईची मैदानं दिवाळीनंतर टणक होतात ती मृगाच्या सरींपर्यंत. अशा जमिनीवर तासभर टॅकल करणं म्हणजे कोपर-गुडघे सोलून घेणं. इंग्लंडात हा हिवाळ्यातला खेळ. मुंबईत माती मऊ होते ती जून ते सप्टेंबर, म्हणून इथला मोसम पावसाळी.

1875 साली स्थापन झालेल्या बाँबे जिमखान्यावर डिसेंबर 1933 मध्ये भारतातली पहिली क्रिकेट कसोटी झाली आणि लाला अमरनाथांनी शतक ठोकलं, हे गिरगावात सगळ्यांना पाठ असतं. त्याच जिमखान्याने रग्बीही जपली, हे फार थोड्यांना माहीत. आणि क्रिकेटही पावसाला अगदीच शरण जात नाही. 1948 पासूनची कांगा लीग पावसाळ्यातच खेळली जाते.

पाऊस नुसती जमीन मऊ करत नाही, सामन्याचा निकालही फिरवतो. रग्बीत हाताने पास द्यायचा तो मागेच. ओला चेंडू हातातून पुढे निसटला की नॉक-ऑन. मग बहुतेक वेळा समोरच्या संघाला स्क्रम. असे स्क्रम वाढले की कडेचे वेगवान विंगर चेंडूची वाट पाहत राहतात आणि सामना आठ-आठ फॉरवर्ड्सच्या खांद्यांवर येतो. अशा दिवशी जाणता कर्णधार ट्रायच्या, म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे टेकवण्याच्या, मागे धावत नाही. ट्रायचे 5 गुण, त्यावरच्या यशस्वी किकचे 2, मिळून 7. पेनल्टी किकचे 3. तीन साधल्या की 9. चिखलात असे सामने लाथेवर जिंकले जातात.

गेल्या वर्षीच्या आढाव्याला हे आधी सांगणं भाग होतं. जून 2025 मध्ये अंधेरीच्या क्रीडासंकुलात पहिली रग्बी प्रीमियर लीग झाली आणि चेन्नई बुल्सने दिल्ली रेड्झला हरवून ती जिंकली. पण ती सात-सात खेळाडूंची रग्बी. मैदान तेवढंच, माणसं निम्म्याहून कमी, स्क्रममध्ये फक्त तीन-तीन. तिथे मोकळी जागा आणि वेग यांचं राज्य. ती पाहून पंधरा जणांच्या क्लब सामन्याकडे वळलेल्याला तो संथ वाटतो. तो संथ नसतो. त्याची झुंज जमिनीलगत चालते.

पुढच्या आठवड्यात आढावा आणि सामन्यांची ओळख, दोन्ही नक्की. तोवर एखादा पावसातला सामना दिसला, तर पहिल्या दहा मिनिटांतले नॉक-ऑन मोजा आणि आकडा कळवा.