उपासाचं रताळं रोजच्या ताटात

महाशिवरात्र जवळ आली, की अमरावतीच्या इतवारा बाजारात काय आणि अकोल्याच्या जनता भाजी बाजारात काय, रताळ्यांचे ढीग लागतात. मातीने माखलेली लाल सालीची रताळी पिशवी भरून घरी येतात. उपास सुटला, की रताळ्याचीही सुट्टी! पुढची आठवण थेट आषाढी एकादशीला. कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करणाऱ्या आपण बायका एवढी पोटभरीची, टिकाऊ आणि गुणाची वस्तू वर्षातून दोन-चार दिवसांपुरतीच घरात आणतो. मैत्रिणींनो, हे जरा विचार करण्यासारखं नाही का?

आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी हा विषय काढला, तेव्हा एक मावशी हसतच म्हणाल्या, "काय ताई, रताळं काय रोज खाची चीज हाय काय? पोट्ट्याईले आलूच पाह्यजे!" त्यांचं म्हणणं खोटं नाही. आपल्या वऱ्हाडात वांगी-आलूशिवाय पंगत उठत नाही. पण गंमत अशी, की पोर्तुगीजांकडून आलेला ‘बटाटा’ हा शब्द मुळात रताळ्याचाच. अमेरिकेजवळच्या बेटांवरचे लोक रताळ्याला ‘बटाटा’ म्हणत. पुढे ते नाव आलूला चिकटलं आणि आपलं रताळं मागे पडलं. आलू, रताळं, मिरची, शेंगदाणा आणि ज्यापासून साबुदाणा होतो तो कंद, ही सारी मंडळी समुद्रापलीकडून आलेली. तरी आपण त्यांना थेट देवाच्या उपासात बसवलं!

या उपासाबद्दलच मला थोडं बोलायचं आहे. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी करता करता कितीतरी बायका आठवड्यातले दोन-तीन दिवस चहा आणि साबुदाण्यावर काढतात. बाकीच्या दिवशी सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खातात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. निम्म्याहून जास्त! चक्कर येते, धाप लागते, तरी "होईल बरं" म्हणत आपण काम रेटतो.

रताळ्याने रक्त वाढतं, असं मी सांगणार नाही. त्यात लोह थोडंच असतं. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ. त्यात प्रथिनं नावापुरती आणि चोथा नाहीच म्हणा. शंभर ग्रॅम रताळ्यात सुमारे ८५ उष्मांक, दीड ग्रॅम प्रथिनं, तीन ग्रॅम चोथा आणि थोडं ‘क’ जीवनसत्त्व मिळतं. वाटीभर दही आणि मूठभर दाणे सोबत घेतले, तर उपास उपाशीपणाचा राहत नाही. रक्तासाठी मात्र बाकीच्या दिवशी डाळ, हिरव्या पालेभाज्या, वर लिंबू आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या हव्यातच.

आता रोजच्या स्वयंपाकात रताळं कसं आणायचं? फार काही शिकावं लागत नाही.

सोले-रताळ्याची भाजी : हिवाळ्यात तुरीच्या शेंगा येतात तेव्हाची ही भाजी. वाटीभर सोले तव्यावर थोड्या तेलात परतून जाडसर वाटून घ्या. कांदा, लसूण, आलं, सुकं खोबरं भाजून वाटा. फोडणीत हे वाटण, तिखट, हळद, धनेपूड घालून तेल सुटेपर्यंत परता. मग वाटलेले सोले आणि दोन मध्यम रताळ्यांच्या सालीसकट फोडी टाकून गरम पाणी घाला. दहा-बारा मिनिटांत रताळं शिजतं. तिखट रश्शातला तो गोडसर घास ज्वारीच्या भाकरीबरोबर खाऊन पाहा. डाळीच्या दाण्याची प्रथिनं मिळतात, ती वेगळीच.

रताळ्याचं भरीत : वांग्यासारखंच. दोन रताळी उकडून कुस्करा. पातीचा कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ आणि भरपूर लिंबू घाला. वरून मोहरी-जिऱ्याची फोडणी द्या. लिंबू नसेल तर दही चालतं.

डब्यासाठी धपाटे : एक मोठं उकडलेलं रताळं, दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन, चिरलेली मेथी, तीळ, ओवा, तिखट, मीठ. पाणी लागलंच तर हबका मारण्यापुरतं. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर थोड्या तेलात भाजा. रताळ्यामुळे धपाटे दुपारपर्यंत मऊ राहतात, म्हणून डबा रिकामा परत येतो.

वेगळा गॅस जाळायची गरज नाही. वरण-भाताच्या कुकरमध्ये वरच्या डब्यात दोन रताळी ठेवली, की काम झालं. मोठं असेल तर अर्धं करून ठेवा.

घरात साखरेचा आजार असेल, तर रताळं बंदच, असं नाही, पण बेतानं. निखाऱ्यावर हळूहळू भाजताना त्यातल्या पिठाची साखर होत जाते, म्हणून भाजलेलं रताळं इतकं गोड लागतं आणि रक्तातली साखरही लवकर वाढवतं. उकडलेलं त्यामानाने बरं. तेही पोळी-भाताच्या ऐवजी घ्यायचं, त्यांच्यावर आणखी नाही. मूतखड्याचा किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. उपासाचे तुपात तळलेले, साखरेच्या पाकात घोळलेले काप मात्र सणापुरतेच ठेवा!

घेताना मध्यम आकाराची, घट्ट, डाग नसलेली रताळी निवडा. कच्ची रताळी फ्रिजमध्ये ठेवू नका, आतून कडक होतात. टोपलीत हवेशीर ठेवा आणि वापरतानाच धुवा. काळं पडलेलं, बुरशी आलेलं किंवा कडू लागणारं रताळं तेवढा भाग कापून वापरू नका, सरळ फेकून द्या.

लहान मुलांच्या आयांसाठी एक खास गोष्ट. आपल्या बाजारातलं पांढऱ्या गराचं रताळं पोट भरतं, पण ‘अ’ जीवनसत्त्व देतं ते केशरी गराचं. आफ्रिकेत कुपोषित मुलांपर्यंत असं केशरी रताळं पोचवणाऱ्या शास्त्रज्ञांना २०१६ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्याकडेही तिरुवनंतपुरमच्या कंदपीक संशोधन संस्थेने ‘भू सोना’ नावाचं केशरी वाण काढलं आहे. केशरी रताळं थोड्या तेला-तुपासोबत द्यावं, म्हणजे त्यातला गुण अंगी लागतो. अर्थात, नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत मिळणारा ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस त्यासाठी चुकवायचा नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या मेळघाटात मुलांच्या कुपोषणाच्या बातम्या १९९३ पासून आपण वाचत आलो. घराच्या मागे, अंगणवाडीच्या परसात उगवणारं असं पीक तिथे पोचायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

लागवड सोपी आहे. वेलाचा वीतभर लांब तुकडा पावसाळ्याच्या तोंडाशी लावायचा, चार महिन्यांत कंद तयार. आपली भारी काळी माती घट्ट बसते, म्हणून रेती आणि शेणखत मिसळून उंच वाफा करावा. जागा नसेल तर गच्चीवर सिमेंटची जुनी पोती चालतात. कोवळ्या शेंड्यांची भाजीही होते. फूल पाहून मात्र फसू नका! नाल्याकाठच्या बेशरमचं फूल अगदी असंच दिसतं, पण ते झाड विषारी.

त्या मावशींनी पुढच्या बैठकीला डब्यात धपाटे आणले. "पोट्ट्याईनं पुसलंबी नाई आत काय हाय ते," म्हणाल्या. या मंगळवारी उपास नसेल तेव्हा बाजारात जाल, तर अर्धा किलो रताळी पिशवीत टाका. आणि हो, पहिला गरम धपाटा सगळ्यांचं झाल्यावर नको, सगळ्यांबरोबर बसून आपल्याही ताटात वाढून घ्या!