पाच वाजता आलेला मजूर

उपासना संपते, आशीर्वाद होतो आणि अर्धी मंडळी चपला शोधायला बाहेर पडते. उरलेली मागच्या खोलीत शिरते. अकोल्यातल्या एका जुन्या मराठी चर्चमध्ये रविवारी मोठ्या माणसांचा वर्ग भरतो तो या खोलीत. चर्चमधली लाकडी बाकं जड, सगळ्यांची तोंडं व्यासपीठाकडे. त्यांवर बसलेला माणूस ऐकायच्या तयारीनंच बसतो. इथं प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडतात. पाळकसाहेबांची खुर्ची त्यातच, दाराजवळ. वर्ग ते घेत नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई घेतात.

मी ख्रिस्ती नाही. एका आजींनी ‘सलाम’ म्हणून हात जोडले, माझं गाव विचारलं आणि शेजारची खुर्ची ओढून दिली. धर्म-जात कोणी विचारली नाही. माझ्यासारखा आणखी एक जण होता, एका सभासदाच्या शेजारी राहणारा रिक्षावाला. तो अधूनमधून येतो आणि वादात सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच असतो, असं मला आधीच सांगण्यात आलं.

त्या दिवशी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय होता. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर ठरवतो, मग दिवसभरात आणखी चारदा जाऊन उभे असलेले मजूर आणतो. शेवटचे येतात तेव्हा दिवस मावळायला तासभर उरलेला असतो. संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी मिळते आणि पहाटेपासून राबलेले कुरकुरतात.

आधी वाचन. आळीपाळीनं एकेक ओवी नव्हे, एकेक वचन. माझ्या शेजारच्या आजी बोट ठेवून, अक्षरं जुळवत वाचत होत्या. लग्नानंतर चर्चच्या महिला मंडळातच त्या वाचायला शिकल्या. एका शब्दाशी त्या बराच वेळ अडल्या. खोलीतल्या एकानंही तो शब्द पुढं करून दिला नाही. मला राहवत नव्हतं. बाईंनी नुसती नजरेनं दटावलं. आजींनी शब्द काढला आणि पुढं गेल्या.

बायकांनी स्वतः वाचावं, हा आग्रह या गावातल्या मिशनच्या कामात जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेहून आलेल्या जेनी फुलर अकोल्यात काम करत होत्या. हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या हालांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९०० साली निघालं. त्याला प्रस्तावना पंडिता रमाबाईंची. पुढं रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणायला वर्षानुवर्षं घातली.

वाचन झालं आणि बाईंनी वही उघडली. वहीत उत्तरं नव्हती, फक्त प्रश्न. या दृष्टान्ताचा अर्थ काय, असं त्या विचारतील अशी माझी अटकळ होती. त्यांनी विचारलं, “मालकानं शेवटी आलेल्यांना आधी पैसे का दिले?”

मग त्या गप्प बसल्या. हे गप्प बसणं हेच या वर्गाचं कसब. शिकवायची सवय हाडीमाशी भिनलेल्या बाईला ते किती जड जात असेल, हे त्यांच्या बोटांच्या चाळ्यांवरून दिसत होतं. पंखा फिरत राहिला. पाळकसाहेबांचे ओठ हलले, पण त्यांनी पाण्याची बाटली उघडली.

“त्यायले दाखवाचंच होतं,” बोरगाव मंजूकडचा एक कास्तकार म्हणाला. “पयल्यायले आधी देऊन मोकळं केलं असतं तर ते घरी गेले असते. भानगडच झाली नसती.”

मालकानं भानगड मुद्दाम होऊ दिली, हे मी त्याआधी कुठंही वाचलं नव्हतं. खुर्च्या पुढं सरकल्या. कास्तकार आता थांबायला तयार नव्हता. त्याचा खरा मुद्दा वेगळाच होता: “ठीक हाय, मालक दिलदार हाय. पण दुसऱ्या दिवशी सकाळी येईन कोन? सगळे पाच वाजताच येतीन ना.” त्याच्या वावरात कापूस वेचणीचे पैसे किलोवर दिले जातात, त्यामुळं तासाची भांडणं होत नाहीत, निंदणाला मात्र रोजी असते आणि तिथं हाच घोळ होतो, असं त्यानं हिशेबासकट सांगितलं. रिक्षावाल्यानं त्याला जोरदार दुजोरा दिला.

मग बांधकामावर जाणारी एक बाई बोलली. तोवर तिनं तोंड उघडलं नव्हतं. “ते पाच वाजतालोक झोपले नव्हते. उभे होते. आमाले कोनी नेलंच नाई, असं म्हनतात ते, लिवलंय ना इथं?” बाईंनी मान हलवली. “ठिय्यावर ठेकेदार येते, पोट्ट्यायले आधी नेते. म्हाताऱ्या बाईले कोन पुसते? दुपारलोक उभं राहून पाहा एक दिवस. कामापेक्षा ते जड हाय.”

वीजमंडळातून निवृत्त झालेल्या एका काकाजींनी इथं रोजगार हमी आणली. मागेल त्याला काम देणारा कायदा महाराष्ट्रानं १९७७ साली केला तो याच प्रश्नातून, असं त्यांचं म्हणणं. ते भाषणाकडं वळू लागले तसं बाईंनी त्यांना थांबवून कास्तकाराला विचारलं, “तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं का?” तो म्हणाला, “नाई.” बाई म्हणाल्या, “बरं,” आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मला हे ‘बरं’ फार आवडलं. ज्याची शेती आहे आणि जी ठिय्यावर उभी राहते, ती दोघं एकाच मंडळीची. दोघांचाही अनुभव खरा, आणि त्यांतला एक खोडून काढायची घाई तिथं कोणाला नव्हती.

मराठी ख्रिस्ती माणसाला वादाचं वावडं असायचं कारण नाही. कवी नारायण वामन टिळकांना १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक युरोपियन प्रवासी भेटला. बोलणं संस्कृत काव्यावरून सुरू झालं. उतरताना त्यानं नवा करार हातात ठेवला. १८९५च्या फेब्रुवारीत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पुढं विदर्भात शिक्षणाची व्यवस्थाही उभी राहिली: यवतमाळला १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी निघाली आणि १९८३ साली पुण्याला जाईपर्यंत तिथं पाळक घडत होते. पण पाळक घडवणं वेगळं आणि रविवारी कास्तकाराला बोलतं करणं वेगळं.

हे मला अमरावतीत जास्त कळलं. तिथल्या एका मंडळीचा गट आठवड्यात एका संध्याकाळी कोणाच्या तरी घरी जमतो. बँकेतले, नर्सिंगमधले, कॉलेजातली पोरं. झेरॉक्स काढलेले प्रश्न, नेमके मुद्दे, आणि यजमानीणबाईंचा चिवडा अप्रतिम. बोलणं अकोल्यापेक्षा कितीतरी सफाईदार. तोच अध्याय तिथंही झाला आणि ‘कृपा’ हा शब्द पहिल्या पाच मिनिटांतच आला. तो आला की पुढं विचारायला काही उरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कोण येईल, हे कोणी विचारलं नाही. शेवटी तरुण पाळकांनी दहा मिनिटांत सगळं गोळा करून निष्कर्ष सांगितला, आणि लोकांनी तो उतरवून घेतला.

बाहेर गाडी काढताना मी त्यांना अकोल्याच्या बाईंबद्दल सांगितलं आणि थोडं तावातावानंच विचारलं, की प्रश्न तसाच सोडून दिला तर काय बिघडेल?

ते चिडले नाहीत. म्हणाले, “तुमच्या त्या बाईंकडं जे येतात ते घरी जाऊन पुन्हा वावरातच जातात, प्रश्न डोक्यात घोळत राहतो. माझे लोक घरी जाऊन यूट्यूब लावतात. मी उत्तर दिलं नाही तर तिथला कोणी तरी देतो. आणि तो काय काय देतो, ते रविवारी मला ऐकावं लागतं.”