घोडी म्हणजे बैल नव्हे

एकवीरा आईच्या दर्शनाला गेलं की कार्ल्याचं लेणंही पाहून होतं. चैत्यगृहात शिरलं की खांबांच्या माथ्यावरचे हत्ती पहिल्यांदा नजरेत भरतात. पण जरा वळसा घालून खांबांच्या मागच्या अंगाला पाहा. तिथे घोडे कोरलेले आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरालाही या वाटेवरचा घोडा चांगलाच ठाऊक होता.

आजही मावळात घोडी आहेच. कुठे बैलगाड्यापुढे पळायला, कुठे वरातीला, तर कुठे लोणावळ्याच्या पर्यटकांना फेरी मारायला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने कायदा उचलून धरला. घाट पुन्हा भरू लागले, तशी गाड्यापुढची घोडीही पुन्हा कामाला लागली.

अडचण इथेच आहे. बैलाची पारख आणि निगा आपल्याला वाडवडिलांकडून मिळालेली आहे. घोडी त्याच गोठ्यात, त्याच दावणीला, त्याच आंबोणावर राहते. आणि एखाद्या रात्री पोट दुखून तडफडते, सकाळपर्यंत मरते. ‘नजर लागली’ म्हणून आपण गप्प बसतो. नजर नव्हे बरं का, बहुतेक वेळा खाणंच नडलेलं असतं.

पोटाची रचनाच वेगळी

बैलाच्या पोटाचे चार कप्पे. तो भराभरा खातो आणि मग सावकाश रवंथ करतो. घोड्याला पोट एकच, आणि तेही अंगाच्या मानाने लहान, दहा-पंधरा लिटरचं. रवंथ नाही. विशेष म्हणजे घोड्याला उलटी करता येत नाही. जे आत गेलं ते पुढेच सरकलं पाहिजे. अडलं की वायू धरतो, आतडी ताणतात, पीळही पडतो. यालाच पोटशूळ म्हणतात.

म्हणून घोड्याला थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा खायला द्यावे. ३०० किलो वजनाच्या घोडीला रोज पाच-सहा किलो वाळलेला चारा लागतो. खुराक एका वेळी दीड किलोच्या वर नको. पाणी दिवसाला २० ते ३० लिटर, उन्हाळ्यात आणि कामाच्या दिवशी त्याहून जास्त. सोबत थोडं मीठ.

आपल्या गोठ्यातले धोके

मावळ म्हणजे भाताचं आगर, त्यामुळे पेंढा घरचाच. पण नुसत्या पेंढ्यावर ठेवलेल्या घोडीच्या आतड्यात त्याचा बोळा बसतो. पेंढ्याला वाळलेलं गवत, कडबा आणि थोडा हिरवा चारा यांची जोड द्यावी. चाऱ्यात बदल करायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा.

युरिया प्रक्रिया केलेला पेंढा गाईगुरांना चालतो, घोडीला घालू नये. पावसात भिजून बुरशी धरलेला चारा तर मुळीच नको. त्याने पोट बिघडतं आणि दमही लागतो. बुरशी लागलेल्या मक्याने घोड्याचा मेंदू कायमचा बिघडू शकतो.

सर्वांत मोठा धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. कोंबड्यांच्या खाद्यात आणि काही पशुखाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. कोंबडीला आणि गुरांना ते ठरलेल्या प्रमाणात चालतं, पण घोड्याच्या हृदयाला ते विष आहे. आपल्याकडे घरटी पोल्ट्री असलेली गावं आहेत. खाद्याचं पोतं घोडीच्या तोंडाला येईल असं ठेवू नका आणि उरलेलं खाद्य तिच्या पाटीत टाकू नका.

कामावरून आल्यावर

घोडी घामाने निथळत आली की कौतुकाने पाटीभर हरभरा पुढे ठेवला जातो. हे टाळावे. आधी खोगीर उतरवा, हळूहळू फिरवा, अंगावर पाणी मारा. प्यायचं पाणी अडवून धरू नका, थोडं थोडं पाजत राहा. श्वास संथ झाला की गवत, आणि खुराक तास-दीड तासाने.

शिंगरू तीन वर्षांचं होईपर्यंत पाठीवर स्वार घेऊ नये. हाडं कच्ची असतात. तोवर लगामाची, आवाजाची, गर्दीची सवय लावा. पुढेही खोगिरासह एकूण भार घोडीच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नसावा. म्हणजे ३०० किलोच्या घोडीवर ६० किलो. धडधाकट पाहुणा बसवण्याआधी एवढा हिशेब करावा.

पावसाळा आणि खूर

मावळचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. चार महिने चिखलात उभ्या राहिलेल्या घोडीच्या खुराचा मधला मऊ भाग कुजतो, काळा घाण वास येतो. जागा उंचावर घ्या, मुरूम घाला, रोज चारही खूर उचलून साफ करा. नाल सहा-आठ आठवड्यांनी काढून खूर छाटून घ्यावेत. घोड्याला धनुर्वाताचा धोका फार मोठा असतो. खिळा किंवा तार लागली तर ‘भरून येईल’ म्हणू नका. लस वेळच्या वेळी टोचून घ्या.

पोटशूळ कसा ओळखावा

घोडी वळून वळून कुशीकडे बघते, पुढच्या पायाने जमीन उकरते, बसते, उठते, लोळते. घाम फुटतो, लीद बंद होते. निरोगी घोडीची नाडी विश्रांतीत मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते. जबड्याच्या कडेला बोट ठेवून मोजता येते. ती साठच्या पुढे गेली तर वेळ फार थोडा आहे असं समजा.

अशा वेळी चारा-खुराक काढून घ्या, जागा मोकळी करा आणि ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर कळवा. बैलाला पाजतो तसं बांबूच्या नळीने तेल किंवा काढा ओतू नका. तो फुप्फुसात गेला तर पोटशुळातून वाचणारी घोडी त्यानेच जाते. डॉक्टर नाकातून नळी थेट पोटात घालतात, ते काम त्यांचंच.

ग्रामपंचायतींसाठी

सरपंच आणि ग्रामसेवकांनाही एक विनंती. यात्रेत किंवा घाटात बाहेरगावची घोडी येतात तेव्हा ग्लँडर्सची भीती असते. हा आजार घोड्याकडून माणसाला होतो. नाकातून चिकट शेंबूड आणि अंगावर गाठी असलेलं जनावर वेगळं बांधावे व पशुधन विकास अधिकाऱ्यांना लगेच कळवावे. यात्रेच्या तयारीत जसा मांडव धरता, तसा जनावरांच्या पाण्याचा हौद आणि डॉक्टरची हजेरीही धरा. गावात किती घोडी आहेत याची वही करा, म्हणजे लसीकरणाचं एकच शिबिर घेता येईल.

आणि घोडी ज्यांच्या दारात आहे त्यांनी आज संध्याकाळी एवढंच करावे: तिच्या पाटीत काय पडतंय ते स्वतः हात घालून पाहावे.