विमानाची काच कोण राखतं?

कुंभार पिंपळगावात विमान उतरत नाही, डोक्यावरून जातं. पण आज त्याच्या पुढच्या काचेबद्दल बोलू. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. आपल्याला एखादी गोष्ट कळली म्हणजे नेमकं काय कळलं, हा आमचा जुना प्रश्न. तो या काचेत सापडतो.

चिकलठाण्याहून दिल्लीला निघालेलं विमान मे महिन्यात 40 अंशांच्या उन्हातून उठतं आणि थोड्याच वेळात 10 किलोमीटर उंचीवर उणे 40 च्या आसपास पोचतं. काच गारठली तर बाहेरून बर्फ धरतं, आतून वाफ. तिसरं कारण फारसं कुणाला माहीत नसतं. ही काच एकसंध नसते. काचेच्या थरांमध्ये लवचिक प्लॅस्टिकचा थर असतो. तो कोमट असला तर पक्ष्याची धडक सोसतो, गार पडला की कडक होतो.

म्हणून बाहेरच्या थराच्या आतल्या अंगाला धातूच्या ऑक्साइडचा लेप देतात, इतका पातळ की आरपार दिसावं. त्यातून वीज गेली की तो तापतो. बोईंग 737 मध्ये काच सुमारे 43 अंशांवर राखतात. 62 झाली की वीज तोडून वैमानिकासमोर दिवा लागतो.

राखतं कोण? थरांमध्ये एक सेन्सर पुरलेला असतो, म्हणजे बारीक तारच. ती तापली की तिचा विद्युतरोध वाढतो. कंट्रोलर तो रोध ठरलेल्या आकड्याशी ताडून पाहतो. कमी असेल तर वीज सोडतो, जास्त असेल तर थांबवतो. इस्त्रीचा दिवा लागतो-विझतो ना, तसंच. फक्त इस्त्री लोखंडाची, ही काच. गार काचेला एकदम सगळी वीज दिली तर तडा जाईल, म्हणून कंट्रोलर ती हळूहळू वाढवतो. आवा पेटवताना कुंभार तरी कुठे एकदम जाळ करतो? एअरबस 320 मध्ये जमिनीवर कमी वीज, हवेत पूर्ण.

आता गंमत बघा. सेन्सरची तार तुटली तर रोध अनंत होतो. कंट्रोलरला वाटतं काच भयंकर तापली, तो वीज बंद करतो. हे बरं. पण तार शॉर्ट झाली तर रोध शून्याजवळ, म्हणजे काच अतिशय गार! तो बिचारा तापवतच राहील. म्हणून त्याला सांगून ठेवलेलं असतं: अशक्य आकडा आला तर तो मानायचा नाही, वीज तोडायची. यंत्राला शंका घ्यायला शिकवलंय. आम्हाला हे विद्यार्थ्यांना शिकवताना घाम फुटायचा.

तरी एक फट राहतेच. 14 मे 2018 रोजी सिचुआन एअरलाइन्सचं एअरबस 319 चोंगचिंगहून ल्हासाला चाललं होतं. उजवीकडची काच तडकली आणि उडूनच गेली. सहवैमानिक अर्धा बाहेर ओढला गेला. कप्तान ल्यू चुआनजियान यांनी विमान चेंगडूला उतरवलं, सगळे वाचले. चौकशीत दिसलं ते असं: बहुधा कडेच्या सीलमधून ओल आत शिरली, कोपऱ्यातल्या वीजतारेचं आवरण कमजोर झालं, ठिणगी पडत राहिली आणि तेवढ्याच जागी काच तापून फुटली.

सेन्सर स्वतःच्या जागेचं तापमान सांगतो. कोपऱ्यात काय चाललंय ते त्याला कळायला मार्ग नाही. म्हणूनच काचेच्या कडेला ठिणगी दिसली की वैमानिक कंट्रोलरच्या आकड्याची वाट न पाहता काचेची वीज बंद करतो, आणि सील उललंय का हे जमिनीवर मेकॅनिकला डोळ्यांनीच बघावं लागतं.