इंजिनाचा लायनर बिडाचाच का?

शेतकरी बंधूंनो, मांजरीच्या मळ्यातला ट्रॅक्टर असो की दारातली मोटार, पिस्टन ज्या नळीत वर-खाली घासतो ती नळी म्हणजे लायनर. तो बहुधा बिडाचा असतो. बिडातले ग्राफाइट वंगणाला मदत करते नि झीज मंदावते.

ट्रॅक्टरचा ब्लॉकही बहुधा बिडाचाच. मग लायनर वेगळा कशाला? झिजला की तेवढाच बदलता यावा म्हणून. मोटारीचा ब्लॉक मात्र पुष्कळदा हलक्या अ‍ॅल्युमिनियमचा. त्यात बिडाचे लायनर ओततानाच पक्के बसवतात. ते सहज निघत नाहीत.

धूळ दोघांचीही वैरीण. एअर क्लीनर वेळच्या वेळी साफ करा, कागदी असेल तर बदला. निळा धूर दिसला, तेल जास्त जळू लागले, तर नुसत्या रिंगा टाकू नका. आधी लायनरचे माप घ्यायला लावा. नाहीतर रिंगांचे पैसे पाण्यात!